पाठमोरी पाणमांजरं

१

सुलेखाताईंचा दृष्टबिष्ट लागण्यावर काडीचा विश्वास नव्हता. शाळेत विज्ञान शिकवण्यात हयात गेलेली बाई ती. मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्या शेजारणीला "अहो, त्यापेक्षा डॉक्टरला दाखवा" असं तोंडावर सांगायलाही कमी करायची नाही. पण पुण्याहून सिंगापूरला लेकीकडे निघताना पिशवीत पहिली कुठली वस्तू गेली असेल, तर ती काजळाची डबी. श्रद्धा सुटते, सवय सुटत नाही, त्याला काय करणार!

आणि नात होतीच तशी. दोनदा हाती आलेलं निसटल्यावर, डॉक्टरांनी नाद सोडा म्हटल्यावर, क्षिप्राला ही अवनी झाली होती. आता ती आठ वर्षांची, दोन वेण्यांची आणि अखंड बडबडीची होती. सुलेखाताईंचे यजमान जाऊन बराच काळ लोटला होता. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच असत. त्यांचं म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते या दोन वेण्यांच्या मधे होतं. चांगी विमानतळावर उतरल्या उतरल्या त्यांनी चारचौघांत नातीच्या गालांवरून हात फिरवले, तिची अलाबला घेतली आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. चांगली कडाकडा वाजली.

"आजी, लाइक पॉपकॉर्न!" अवनी खिदळली. "अगेन, अगेन!"

पासिर रिसच्या फ्लॅटमधली सकाळ ठरलेली होती. जावई, अश्विनराव, उजाडायच्या आत जुरोंग आयलंडच्या कंपनी बससाठी बाहेर पडत. क्षिप्रा बँकेत जायला एमआरटीची गाडी पकडायला पळे. त्या धांदलीत सुलेखाताई नातीला पकडून तिच्या कानामागे काजळाची तीट लावत.

"आई, टीचर विचारतात, हा डाग कसला म्हणून," क्षिप्रा कुरकुरे.

"सांग, आजीची सही आहे."

"आय ॲम नॉट अ बेबी लाह," अवनी तिथल्या पोरांसारखं 'लाह'चं शेपूट लावून म्हणे, पण मान मात्र पुढं करे.

२

शनिवारी अवनीचा चित्रकलेचा क्लास असे. तोआ पायोहला तेओ नावाचे एक चित्रकार राहत. फक्त जंगली प्राणी काढत, तेही फक्त सिंगापुरातले. त्या शनिवारी क्षिप्राला ऑफिसचं काम निघालं.

"आई, तू नेशील हिला? घर बघण्यासारखं आहे हं त्यांचं. टुरिस्ट लोकसुद्धा मुद्दाम जातात."

"जाते की. तुमची ती पाणी ओकणारी सिंहीण बघून झाली, आता हे बघू."

जुनी इमारत, अगदी वरचा मजला. लांबलचक कॉरिडॉर, त्यात कुंड्या आणि बांबूवर वाळत घातलेले कपडे. तेओंनी दार उघडलं. सत्तरीचा काटकुळा माणूस, अंगात बनियन, पायात काही नाही. "या या," म्हणून त्यांनी आत घेतलं. अवनी तिच्या नेहमीच्या टेबलाशी जाऊन बसली सुद्धा.

पंखा फिरत होता. चारही भिंती चित्रांनी भरलेल्या. रानकोंबडा, घोरपड, धनेश, माकडं, खवलेमांजर. काय हात होता त्या माणसाचा! घोरपडीच्या पाठीवरचा चिखल ओला वाटत होता. सुलेखाताई तोंडभरून कौतुक करणार, तेवढ्यात थांबल्या. काहीतरी चुकत होतं, आणि काय ते कळेना. आपण वर्गात शिरावं आणि पोरं एकदम गप्प बसावीत, मग मास्तरणीला कळतं ना की इथं आत्ता काहीतरी झालंय, तसं त्यांना झालं.

मग लक्षात आलं. एकाही प्राण्याचं तोंड दिसत नव्हतं.

सगळे पाठमोरे. माना ताठ, कान उभे, मानेवरचे केस पिंजारलेले. सगळे चित्राच्या आत, झाडीत कुठंतरी बघत होते.

"सगळे पाठमोरे का हो?" त्यांनी विचारलं. बोलणं अर्थातच इंग्रजीत चाललं होतं.

"मी जातो तेव्हा ते असेच असतात," तेओ म्हणाले. "माझ्याकडे बघायला त्यांना सवड नसते."

"पण बघतायत तरी काय?"

तेओंनी खांदे उडवले. सुलेखाताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. प्रत्येक चित्रात, तो प्राणी जिकडं बघत होता तिथं, रंगाविना एक ठिपका सोडलेला होता. मुगाच्या डाळीएवढा कोरा कागद.

"इथं रंग द्यायचा राहिलाय."

"राहिलेला नाही, ठेवलाय. जे पाहिलं नाही ते कसं काढू?"

म्हातारा तऱ्हेवाईक आहे, सुलेखाताईंनी मनाशी नोंद केली. कलाकार मंडळी, चालायचंच. त्या भिंतीभिंतीनं फिरू लागल्या. तेओ मागून सांगत होते, हे सुंगेई बुलोहच्या खारफुटीतलं, हे मॅकरिचीच्या तळ्याकाठचं, हे इथं खाली, या इमारतीच्या मागच्या झाडाचं. एका कोपऱ्यात एकटंच एक मोठं पाणमांजर होतं. बाकीची चित्रं जोडीनं किंवा कळपानं, हे मात्र एकटं.

"पूर्वी फार लांब जावं लागायचं," तेओ म्हणाले. "अलीकडे नाही."

खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. सिंगापुरात पाल नाही असं घर सापडायचं नाही, लेकीकडे तर ट्यूबलाइटमागं दिवसभर चुकचुक चाले. इथं एकही नव्हती. खऱ्या पालीच्या ऐवजी सुलेखाताईंच्या मनातच एक पाल चुकचुकली, पण त्यांनी तिला झटकून टाकलं.

निघताना तेओंनी एक छोटं चित्र अवनीच्या हातात ठेवलं. नदीकाठी पाणमांजरांचं कुटुंब, सगळी पाठमोरी.

"हे तुमच्याकडचंच, पासिर रिस पार्कमधलं. मागच्या महिन्यात क्लासची पोरं घेऊन गेलो होतो. पाणमांजरं कुठं बघतायत ते मला कळत नव्हतं. हिनं बोट दाखवलं. हिची नजर फार चांगली आहे."

कौतुक ऐकून सुलेखाताईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी मात्र नातीला पटकन जवळ ओढलं.

"फ्रेम करून घ्या," तेओ म्हणाले. "पण ते कुणाला पुरं करू देऊ नका, लाह."

३

चित्राचं घरी कोण कौतुक झालं! अश्विनरावांनी ते भिंतीवर चार ठिकाणी धरून पाहिलं. क्षिप्रानं फोटो काढून सगळ्या जगाला पाठवला, आणि रात्रभर तिचा फोन टुणटुणत राहिला. शेजारची अनुया मुद्दाम बघायला आली. "बाई, बाई, जिवंत आहेत हो!" ती तीन-तीनदा म्हणाली. सुलेखाताईंना ते उगीचच लागलं.

सोमवारी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे अवनीच्या कानामागे तीट लावली. पोरगी शाळेच्या बसला पळाली. सुलेखाताईंच्या बोटावर काजळ उरलं होतं आणि समोर टेबलावर ते चित्र पडलं होतं.

इतकं देखणं चित्र. इतक्या लोकांनी डोळे भरून पाहिलेलं. आणि ते नातीच्या नावाचं.

पुरं करू नका, असं म्हातारा म्हणाला होता. पण तीट म्हणजे काही पुरं करणं नव्हे. उलट आहे. पुऱ्या गोष्टीत जरासं उणं ठेवणं म्हणजे तीट. सुलेखाताईंनी असा अगदी शास्त्रशुद्ध विचार केला. आता लावायची कुठं? पाणमांजरांवर लावली तर रंग बिघडणार. पाण्यावर लावली तर डोळ्यांत भरणार. तो कोरा ठिपका होता ना, तिथं बिघडण्यासारखं काहीच नव्हतं.

त्यांनी बोट टेकलं. ठिपका बरोब्बर भरला, जणू त्याच मापाचा होता.

"बस्स," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि चित्र अवनीच्या खोलीत, पलंगासमोर, टेपनं चिकटवून आल्या.

दुपारी भाजी निवडताना घर फार शांत वाटलं. कशानं ते त्यांना संध्याकाळी उमगलं. ट्यूबलाइटमागची पाल बोलत नव्हती. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

४

बुधवारी त्या खाली भाजीला गेल्या तेव्हा इमारतीखालची मांजर जिन्याशी बसली होती. रोज पायात घोटाळणारी मांजर. आज तिनं वळूनही पाहिलं नाही. पाठ सुलेखाताईंकडे, मान वर, नजर त्यांच्याच मजल्याकडे. वर आल्या तर कॉरिडॉरच्या कठड्यावर साळुंक्या ओळीनं बसलेल्या, त्याही पाठमोऱ्या. एरवी नुसता कलकलाट करणारी जात ती. आता चिडीचूप, आणि सगळ्या अवनीच्या खिडकीकडे बघतायत.

पाल असेल खिडकीत, सुलेखाताईंनी मनाला समजावलं. नाहीतर झुरळ. कारणाशिवाय काही घडत नसतं, हे त्यांनी हजार पोरांना शिकवलं होतं. आता स्वतःला शिकवताना मात्र ते पटेना.

आणि अवनी. तिची बडबड आटत चालली होती. जेवायला ती आता पलीकडच्या खुर्चीवर बसू लागली, तिथून तिच्या खोलीचं दार दिसे. घास तोंडात आणि नजर दारात.

"काय बघतेस गं सोन्या?"

"नथिंग."

"नथिंगकडे कोणी इतकं बघतं का?"

"इट्स लुकिंग, सो आय लुक लाह," अवनी म्हणाली आणि वरण-भात चिवडत राहिली.

"आई, तिला आयपॅड कमी करायला हवाय, दुसरं काही नाही," क्षिप्रा म्हणाली. अश्विनरावांनी डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. दोघंही शहाणी होती. सुलेखाताई आठवडाभरापूर्वी होत्या तितकीच.

गुरुवारी घरात कोणी नसताना त्यांनी खोबरेल तेलाचा बोळा केला आणि नातीच्या खोलीत गेल्या. काजळ चटकन निघालं. ठिपका पुन्हा कोरा झाला. हुश्श म्हणून त्या दोन पावलं मागं सरल्या आणि चित्राकडे बघून जागच्या जागी उभ्या राहिल्या.

पाणमांजरं निवांत होती. एक मासा खात होतं. दोन एकमेकांना चाटत होती. एकाचीही मान वर नव्हती.

आधीपासून अशीच होती का? आपलंच चुकलं असेल. क्षिप्राच्या फोनमध्ये फोटो होता, खात्री करता आली असती. पण तसं करायचं धैर्य त्यांना होईना. झाडीत आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्या जनावरांना कळलं होतं आणि सुलेखाताईंनाही कळलं.

त्यांनी तेओंना फोन लावला.

"तुम्ही ते पुरं केलंत," तेओ म्हणाले. हॅलोच्याही आधी.

"पुरं नाही हो. आमच्यात चांगल्या गोष्टीला एक डाग लावतात. दृष्ट लागू नये म्हणून."

"कसला डाग?"

"काळा."

"गोल?"

"गोल."



"इतकी वर्षं मी सगळं काढलं," तेओ म्हणाले. "फक्त तेवढा एक डोळा काढला नव्हता."

"माझी नात आहे हो," सुलेखाताई म्हणाल्या. "मी काय करू? ते काय आहे तरी काय?"

"मला माहीत नाही. मी कधी पाहिलं नाही. ज्याच्याकडे ते बघतं, त्याला मान फिरवता येत नाही, एवढंच मी पाहिलंय. तिला हाका मारू नका. ओढू तर मुळीच नका."

"मग?"

"पाणमांजरांत आई मधे येते," तेओ म्हणाले. "एकदा पाहिलंय मी. पिल्लू आणि ते, यांच्या मधे येऊन उभी राहते."

"आणि मग?"

"मग मी त्या आईचं चित्र काढलं."

कोपऱ्यातलं ते एकटं पाणमांजर सुलेखाताईंना आठवलं. त्यांनी फोन ठेवला.

५

त्याच दुपारी पाऊस कोसळत होता. अवनी शाळेतून आली आणि एक शब्द न बोलता खोलीत गेली. सुलेखाताई दूध गरम करत होत्या. बराच वेळ दप्तर टाकल्याचा आवाज आला नाही, तशा त्या दाराशी गेल्या.

पोरगी खोलीच्या मधोमध उभी होती. पाठमोरी. दप्तर खांद्यावर तसंच. टाचा उचललेल्या, मान पुढं ताणलेली, एक हात अर्धा वर. कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्याकडे ती बघत होती. दोन वेण्यांच्या मधे मानेवरची बारीक लव सरळ उभी राहिली होती. ही उभं राहण्याची तऱ्हा सुलेखाताईंनी पाहिली होती, तोआ पायोहच्या चारही भिंतींवर.

दारातून कोपऱ्यात काही दिसत नव्हतं. भिंत होती आणि अवनीची छत्री. पण पावसाचा आवाज त्या कोपऱ्यातून येत नव्हता. खोलीभर पाऊस ऐकू येत होता, तेवढ्या जागेतून नाही.

विज्ञान, पुणं, हयात सगळी, काही म्हणजे काही उपयोगाला येईना. भीती वाटत होती, साधी लहान मुलाला वाटते तशी. पण ती तीट आपण लावली, आपल्या या बोटानं लावली, हे त्याहून मोठं होतं. भिंतीला धरून धरून त्या कडेनं पुढं गेल्या, कोपऱ्याकडे न बघता. मग नातीच्या समोर येऊन, कोपऱ्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसल्या.

पाठीला गार लागलं. ओल्या खारफुटीचा, चिखलाचा वास आला.

अवनी त्यांच्यातून आरपार बघत होती. सुलेखाताईंनी पदर सावरला, हात तिच्या दोन्ही गालांवरून फिरवले, हलके हलके, तान्हेपणी फिरवत तसे. "इडापिडा टळो," त्या पुटपुटल्या. "माझ्या सोन्याची सगळी माझ्यावर येवो." मग स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

कडाकडा आवाज झाला. आणि त्यांच्या मागं, जरा उशिरानं, तसाच आवाज झाला. सावकाश, एकेक बोट. दहा झाली तरी थांबला नाही.

अवनीच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांत सुलेखाताईंना आपला चेहरा दिसला, इवलासा. त्याच्या मागं कपाट होतं, खिडकी होती. आणि त्यांच्या खांद्यावरून काहीतरी वाकून बघत होतं. त्याला एकच डोळा होता, मुगाच्या डाळीएवढा. त्या काजळाची कड जराशी फिसकटली होती, सुलेखाताईंच्या बोटाची रेघ तिथं उमटलेली होती. अवनीनं डोळे मिटले आणि ते दिसेनासं झालं.

पोरगी त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागली. मानेवरची लव हळूहळू खाली बसली.

"आजी," ती म्हणाली, "आता इट्स लुकिंग ॲट यू."

"असू दे हं," सुलेखाताई म्हणाल्या. त्यांना मागं वळून बघायचं होतं, पण मान वळली नाही.

६

त्या संध्याकाळी ट्यूबलाइटमागं पाल चुकचुकली. अवनीनं जेवताना शाळेतल्या सगळ्या भांडणांचा पाढा वाचला. क्षिप्रा म्हणाली, "बघ, आयपॅड बंद केल्याबरोबर कशी सुधारली!" सुलेखाताई हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खाली जायला निघाल्या तर साळुंक्या कठड्यावरून उठल्या आणि पुढच्या तारेवर जाऊन बसल्या. या खेपेला त्यांची तोंडं सुलेखाताईंकडे होती. पण त्या सुलेखाताईंना बघत नव्हत्या, त्यांच्या खांद्याच्या जरा वर बघत होत्या.

"माझं तिकीट अलीकडचं करून दे," त्यांनी लेकीला सांगितलं.

"का गं? अजून महिना आहे की! कंटाळलीस आमच्याकडे?"

"सोसायटीची कामं आहेत."

"म्हणजे सोसायटी जास्त झाली," क्षिप्रा म्हणाली आणि तिचे डोळे भरले. सुलेखाताईंनी ते तसेच भरू दिले. सांगणार काय होत्या? लेक चार दिवस धड बोलली नाही. त्या चार दिवसांत त्या नातीला कुशीत घेऊन झोपल्या नाहीत की तिची वेणी घातली नाही. तिच्याकडे पाठ करावी लागू नये म्हणून घरातसुद्धा भिंतीच्या कडेनं चालत राहिल्या.

चांगीला सगळी पोचवायला आली. अवनी हात पुढं करून म्हणाली, "आजी, पॉपकॉर्न?"

"नको राणी. बोटं दुखतात आजीची."

अश्विनराव वाकून पाया पडले. क्षिप्रा गळ्यात पडायला आली, तिला सुलेखाताईंनी हातानंच थोपवलं. "पुरे गं, रडवशील मला." मग त्या नातीसमोर थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अवनी, तुझी नजर चांगली आहे ना? नीट बघून सांग. आहे?"

अवनीनं त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

"आहे."

"माझ्याच मागं ना? तुमच्या कुणाच्या नाही?"

"तुझ्याच, आजी."

"बरं झालं," सुलेखाताई म्हणाल्या. बॅगेची मूठ धरली. "चला, जाते मी."

"आई! जाते काय म्हणतेस? येते म्हणावं," क्षिप्रा मागून ओरडली.

सुलेखाताईंनी ऐकलं. त्या थांबल्या नाहीत. काचेचं दार त्यांच्यासाठी उघडलं, आणि त्या आत गेल्यावर बराच वेळ मिटलं नाही.